पिन तुटली म्हणून गोळी सुटत नसते

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मागच्या पंधरवड्यात तुमच्या पेपरात आतल्या पानावर एक छोटी बातमी होती. ड्युटी बदलताना एका जवानाच्या हातातली सेल्फ लोडिंग रायफल लोड करताना आपोआप सुटली, गोळी वर पत्र्यात गेली, नशिबानं कोणाला काही झालं नाही. इथपर्यंत ठीक. पण शेवटच्या ओळीत "फायरिंग पिन तुटल्याने गोळी सुटल्याचे समजते" असं छापलंय, कोणाकडून समजलं ते काही लिहिलेलं नाही. आता झालंय असं की मी फौजेत ईएमईला, म्हणजे दुरुस्तीच्या शाखेत, आर्मरर होतो, म्हणजे हत्यारं दुरुस्त करणारा, आणि रिटायर होऊन वसमतकडं हळद करायलो, त्यामुळं गावातले लोक पेपर घेऊन माझ्याच ओट्यावर येऊन बसले की भाऊ पिन तुटली तर गोळी सुटते का. दहा जणांना वेगवेगळं सांगत बसण्यापेक्षा तुम्हालाच लिहावं म्हटलं, जमलं तर छापा.

पिन, म्हणजे काडतुसाच्या बुडाला ठोकणारी दांडी, नुसती तुटली तर सहसा गोळी सुटत नाही, उलट सुटायची बंद होते. चाप ओढला, घोडा पडला, खट्ट आवाज आला आणि पुढं काहीच नाही. तुटलेल्या पिनची पहिली खूण ही. कधीकधी तर पिन मधून तुटलेली असते तरी रायफल चालतच राहते, कारण मागचा तुकडा पुढच्याला ढकलतो आणि काम होऊन जातं, साफसफाईला ब्लॉक, म्हणजे पिन ज्याच्या पोटात असते तो मागचा ठोकळा, उघडला की मग हातात दोन तुकडे येतात. तेव्हा पिन तुटणं आणि गोळी आपोआप सुटणं यांच्या मधे अजून एक गोष्ट घडावी लागते, पिन पुढं अडकावी लागते. बातमीत नेमकी तीच सुटलीय.

आधी सेल्फ लोडिंगचं काम कसं चालतं ते थोडक्यात सांगतो. आपल्या इकडं पोलिसांकडं, एसआरपीकडं वर्षानुवर्षं जी एसएलआर दिसायची, इशापूरच्या कारखान्यातली ७.६२ ची, ती मूळ बेल्जियमच्या डिझाइनवरून घेतलेली. गोळी सुटली की नळीतला थोडा गॅस एका भोकातून वर येतो, पिस्टनला मागं ढकलतो, पिस्टन स्लाइडला ढकलतो, स्लाइड ब्लॉकचा मागचा भाग वर उचलते, ब्लॉक अनलॉक होऊन मागं जातो, रिकामं खोकं, म्हणजे उडालेल्या काडतुसाचं पितळी कवच, बाहेर फेकतो, आणि रिकॉइल स्प्रिंगच्या जोरावर परत पुढं येताना मॅगझिनमधून नवा राऊंड, म्हणजे काडतूस, चेंबरमधे ठोकतो. हे सगळं डोळ्याचं पातं लवायच्या आत. फायरिंग पिन या ब्लॉकच्या पोटात असते, लांबुळकी, पुढं निमुळतं टोक. घोडा मागून हाणतो, टोक ब्लॉकच्या तोंडातल्या बारीक भोकातून बाहेर येऊन काडतुसाच्या बुडातल्या, बारूद पेटवणाऱ्या टोपीवर आदळतं, आणि लगेच स्प्रिंग तिला परत आत ओढते. ब्लॉक खाली बसून पुरता लॉक झाल्याशिवाय घोडा पिनपर्यंत पोचूच नये अशी रचना केलेली असते.

आता विचार करा, पिनचं टोक आत गेलंच नाही, बाहेरच राहिलं. मग घोडा कुठंय, चाप कुठंय, सेफ्टी लावलीय का नाही, कशाचाच संबंध उरला नाही. ब्लॉक जोरात पुढं येतो, समोर राऊंड, राऊंडच्या टोपीसमोर बाहेर आलेलं टोक, झालं. याला आम्ही स्लॅम फायर म्हणायचो. आणि यात वाईट काय, तर राऊंड कधीकधी ब्लॉक लॉक व्हायच्या आधीच फुटू शकतो. पत्र्यात गोळी गेली हे सगळ्यांना दिसलं हो, पण बिनलॉकचा ब्लॉक असता तर सगळा दाब मागं आला असता, तोंडाकडं. त्या जवानाला खरंच कोणाची तरी पुण्याई आडवी आली.

पिन पुढं अडकायची कारणं बरीच. टोक तुटून भोकातच रुतून बसतं, हे एक, आणि बातमीत बहुतेक हेच अर्धवट आलंय. स्प्रिंग तुटते किंवा बसते. भोकाच्या कडेला बर, म्हणजे धातूची बारीक धार, येते. गंज. पण सगळ्यात जास्त वेळा जे दिसायचं ते साधं तेल. माणसाला वाटतं तेल जितकं जास्त तितकं हत्यार खूष, म्हणून पिनच्या नळीत बाटली उपडी करतात, त्यात आपल्या काळ्या मातीचा फुफाटा, बारुदाची काजळी, आणि वर्षभर रायफल कोतात, म्हणजे हत्यारांच्या खोलीत, उभी. त्याचा जो चिकट गोळा होतो तो आत पिनला धरून ठेवतो. पिनची नळी कोरडी ठेवायची असते, फार तर तेलाचं फडकं फिरवून पुसून घ्यायची. ही गोष्ट नव्या पोरांच्या डोक्यात उतरवताना आमच्या उस्तादांचा घसा बसायचा.

बरं, एकेसारख्या रायफलीत तर पिनला स्प्रिंगच नसते, पिन मोकळी, हलवली की आत वाजते. ब्लॉक पुढं आपटला की ती स्वतःच्या वजनानं थोडी पुढं सरकते आणि टोपीला बारीक टिचकी मारते, राऊंड न उडवता बाहेर काढला तर टोपीवर बारका ठिपका दिसतो. तो दोष नव्हे, डिझाइनच तसं आहे, म्हणून तर फौजी काडतुसाची टोपी मुद्दाम कडक ठेवतात. पण ड्युटीवर काय होतं, रोज गार्ड बदलताना तोच एक राऊंड चेंबरला भरायचा, तोच काढायचा, तोच परत मॅगझिनला सगळ्यात वर लावायचा. एकाच टोपीवर रोज टिचक्या. असा राऊंड वेगळा काढून जमा करावा, वरचेवर बदलत राहावा. यात पैसा लागत नाही का वेळ लागत नाही, पण हे कोणी सांगतच नाही.

दाबाचं सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. मोटारसायकलच्या टायरमधे हवा असते तीसेक पीएसआय, म्हणजे दर चौरस इंचाला तीसेक पौंड दाब. बारा बोअरच्या छर्ऱ्याच्या काडतुसात दाब जातो अकरा साडेअकरा हजारापर्यंत. बत्तीसच्या रिव्हॉल्व्हरमधे साधारण पंधरा हजार. आणि ७.६२ च्या रायफलीत पन्नास ते साठ हजार, मोजायची पद्धत कोणती त्यावर आकडा खालीवर होतो. हा सगळा दाब एका बाजूला आणि दुसऱ्या बाजूला टोपीचा पातळ पत्रा. त्या पत्र्याला मागून आधार ब्लॉकच्या तोंडाचा, आणि तोंडात जिथं भोक आहे तिथं आधार कोणाचा? पिनच्या टोकाचा. म्हणजे पिन नुसती ठोकून मोकळी होत नाही, दाब असेपर्यंत तेवढी जागा तिनं बुजवून धरायची असते. म्हणून टोक गुळगुळीत, अर्धगोल पाहिजे, भोकात नीट बसणारं पाहिजे. टोक टोकदार झालं, खरबरीत झालं, किंवा गरजेपेक्षा जास्त बाहेर आलं की टोपी फुटते. फुटली की तो गॅस सुईसारखा मागं येतो आणि पिनच्या टोकाला खातो. अशा पिना मी भिंगाखाली पाहिल्यात, टोकावर देवीच्या व्रणासारखे खड्डे पडलेले, कडा जळून निळसर काळी. आता हेच खरबरीत टोक पुढची टोपी अजून सहज फोडतं, ती फुटली की टोक अजून खाल्लं जातं. आणि फुटलेल्या टोपीतून टिकलीएवढी चकती निघते ती कुठं जाते माहितीय का, पिनच्या भोकातून आत. आत जाऊन पिनला अडकवते. मग पुढचा राऊंड कसा सुटतो ते वर सांगितलंच.

म्हणून आमच्याकडं रायफल आली आणि जवान म्हणाला पिन खराब आहे, तर आम्ही आधी पिन बघायचो नाही, आधी विचारायचो खोकी कुठायत. रिकाम्या खोक्याचं बूड वाचता आलं पाहिजे. टोपीवरचा खड्डा खोल, गोल, मधोमध असला तर पिनचं काम चोख. खड्डा उथळ म्हणजे मार कमी पडायला. खड्ड्याला एका बाजूला शेपूट ओढलेलं दिसलं तर पिन वेळेवर मागं येत नाही, ब्लॉक उचलला जातानाही तिचं टोक टोपीत रुतलेलं राहतं, एसएलआरचा ब्लॉक मागून उचलला जातो म्हणून तिच्यात असं ओढल्यानं टोक मोडायची भीती जास्त. खड्ड्याभोवती ज्वालामुखीसारखी कड वर आली असेल तर एकतर भोक मोठं झालंय नाहीतर दाब जास्त आहे. आणि भोक पडून कडेनं काळं झालं असेल तर त्या रायफलीतून पुढचा राऊंड उडवायचा नाही, बाजूला ठेवायची, बस.

उथळ खड्ड्याचं थोडं जास्त सांगतो कारण सगळी गडबड इथंच होते. राऊंड उडाला नाही, खड्डा उथळ, की लगेच निदान तयार असतं, पिन आखूड झाली, लांब टाका. अरे पण पिन आपोआप आखूड होते का? टोक मोडलं किंवा खाल्लं गेलं तर होते, नाहीतर नाही. घोड्याची स्प्रिंग बसली तरी मार कमी पडतो. पिनच्या नळीत गोळा झालेलं तेल असलं तरी पडतो. काडतूस जुनं, ओल लागलेलं असलं तर खड्डा चांगला खोल असूनही राऊंड उडत नाही, तिथं पिनची चूकच नाही. ब्लॉक शेवटचा जरासा पुढं बसला नसेल, चेंबरमधे कचरा असेल, तर घोड्याचा अर्धा जोर ब्लॉक बसवण्यातच जातो. आणि हेडस्पेस वाढला असेल, म्हणजे लॉक झालेला ब्लॉक आणि चेंबरमधे बसलेला राऊंड यांच्यात फट जास्त झाली असेल, तर राऊंड पुढं सरकतो आणि पिन पोचतच नाही. आता शेवटच्या केसमधे लांब पिन टाकली तर काय होईल? रायफल चालायला लागेल. सगळे खूष. पण फट तशीच आहे, पितळी खोकं दर फायरला ताणलं जातंय आणि एक दिवस बुडाजवळ फाटतंय. एसएलआरला यासाठी लॉकिंग शोल्डर, म्हणजे ब्लॉक ज्याला टेकून लॉक होतो तो तुकडा, वेगवेगळ्या मापाचे यायचे, गेज लावून बघायचं आणि मापाचा बसवायचा, पिनला हात लावायचा नाही.

एक जवान असाच रायफल घेऊन आला होता, रेंजवर दर चारपाच राऊंडला खट्ट, म्हणाला उस्ताद पिन बदलून द्या. ब्लॉक काढून पिनला मागून पंचनं दाबलं तर टोक बाहेर आलं, पण सोडल्यावर परत जाईना, हळूच, आळस दिल्यासारखं आत गेलं. चांगल्या पिनला दाबून सोडलं की ती टचकन मागं उडते. उघडून बघितलं तर स्प्रिंगच्या वेढ्यांमधे तपकिरी चिखल भरलेला, त्यात फडक्याचे धागेसुद्धा. रॉकेलमधे धुतलं, वाळवलं, पिन तीच, स्प्रिंग तीच, घालून दिली. तो बराच वेळ उभा राहिला, त्याला वाटलं मी टाळायलो, नवीन पार्ट द्यायचा नाही म्हणून. दुपारी रेंजवरून निरोप आला की चालायलीय.

नवीन पिन टाकायची वेळ आलीच तर तीही नुसती जुनी काढून नवी घातली असं नसतं. टोक किती बाहेर येतं ते गेजनं मोजावं लागतं, कमीत कमी एवढं आणि जास्तीत जास्त एवढं, प्रत्येक मॉडेलचं माप वेगळं, ढोबळमानानं पाऊण ते दीड मिलिमीटरच्या आसपासचा खेळ आहे सगळा. कमी पडलं तर राऊंड उडत नाही, जास्त झालं तर टोपी फुटते. मग पिन आत मोकळी फिरते का, दाबल्यावर परत येते का, धरून ठेवणारी आडवी पिन नीट बसलीय का, टोकावर कुठं ओरखडा आहे का. बसत नसेल तर दुसरी पिन घ्यायची, कानस घ्यायची नाही. कानशीनं टोक घासलं की गोलाई गेली, वरचा कडक थर गेला, आणि ओरखडे राहिले ते राहिलेच. पोलादाचं पण तसंच, पिन फार कडक केली तर काचेसारखी तडकते, मऊ राहिली तर टोक फेंदारतं आणि भोकात अडकतं. हे पाणी देणं लेथवर जमत नाही.

आता तुम्ही म्हणाल हे सगळं फौजेचं आणि पोलिसांचं, आम्हाला कशाला. बरोबर आहे, ७.६२ ची सेमी ऑटोमॅटिक सामान्य माणसाला लायसनवर मिळतच नाही, ते प्रतिबंधित बोअर आहे, आणि ते बरंच आहे. पण आमच्या हिंगोली, परभणी, नांदेडकडं रानडुकरं आणि रोह्यांनी पिकाचा जो सत्यानाश चालवलाय त्यामुळं म्हणा, नाहीतर आजोबांपासून घरात आहे म्हणून म्हणा, बारा बोअर आणि ३१५ च्या रायफली गावोगाव आहेत. बँकेच्या दारात स्टुलावर बसलेल्या आमच्या माजी सैनिक भावाच्या हातात पण तीच दोन नळ्यांची बारा बोअर, डबल बार. (रोही मारायला वनखात्याची परवानगी लागते हो, लायसन आहे म्हणून मारता येत नाही, हे पण एकदा छापा.) आणि या बंदुकांच्या पिना कुठं होतात? नांगराचे फाळ आणि ट्रॅक्टरचे बुश जिथं होतात तिथं. ड्रिल बिटाची दांडी घासून केलेली पिन मी बघितलीय, खिळ्याची पण बघितलीय. पहिली तडकते, दुसरी फेंदारते. लेथवाल्याला दोष देऊन उपयोग नाही, त्याला कोणी नमुना दिला आणि असा करून दे म्हटलं, त्यानं केला, शंभर दोनशे घेतले. पण आर्म्स ॲक्टच्या कलम ५ प्रमाणं हत्यार दुरुस्त करायला सुद्धा लायसन लागतं हे ना त्याला माहीत ना मालकाला. आणि ३१५ म्हणजे बारा बोअर नव्हे, तिच्या मागं दाब रायफलीचा आहे, बोल्ट, म्हणजे तिचा ब्लॉक, तुमच्या डोळ्यापासून वीतभर अंतरावर असतो.

मग लायसनवाला कारागीर शोधायचा तर कुठं? आमच्या तालुक्यात कोणी नाही. विचारलं तर लोक सांगतात पुण्याला जा नाहीतर हैदराबादला जा. नांदेडकडच्या माणसाला हैदराबाद जवळ, देवगिरी एक्सप्रेसमधे बसला की थेट सिकंदराबाद, पण लायसन फक्त महाराष्ट्रापुरतं असेल तर बंदूक घेऊन तेलंगणात पाय ठेवता येत नाही. राहिलं पुणे. एका पिनसाठी हत्यार घेऊन रात्रभर कोण जाणार, म्हणून मग आपला लेथवाला.

माझं म्हणणं एवढंच आहे की प्रत्येक निवडणुकीला आचारसंहिता लागली की बहुतेकांची हत्यारं पोलीस स्टेशनला जमा करून घेतातच. महिना दीड महिना ती तिथं नुसती उभी असतात, चिठ्ठी बांधून. जिल्हा मुख्यालयाला पोलिसांचा आर्मरर असतो, हिंगोलीला आणि जालन्याला तर एसआरपीचे गट आहेत, तिथं शस्त्रागार आहे, माणसं आहेत, गेज आहेत. त्या महिन्यात प्रत्येक हत्यार नुसतं उघडून बघितलं, पिन घरगुती आहे का कारखान्याची, टोक कसं आहे, दाबून सोडल्यावर मागं येते का, तर एका बंदुकीला पाच दहा मिनिटं लागतात. खराब असेल तर परत देताना चिठ्ठीवर लिहा की दुरुस्त करून आणल्याशिवाय वापरू नये, आणि दुरुस्ती कुठं होईल त्या लायसनधारकाचा पत्ता द्या. मराठवाड्यात असा माणूसच नसेल तर परवाना द्यायला आमच्यासारखे रिटायर आर्मरर गावागावात हळद शिजवत बसलेतच की. लातूर, बीड, धाराशिव सगळीकडं आहेत. अर्ज केला तर फाइल कुठं जाते ते मात्र विचारू नका.

ज्यांच्याकडं बंदूक आहे त्यांनी सध्यापुरतं एवढं करा. खट्ट झालं आणि बार उडाला नाही तर लगेच उघडून आत डोकावू नका. नळी मोकळ्या, सुरक्षित दिशेला धरून किमान अर्धा मिनिट तसंच थांबा, काडतूस उशिरा पेटलेलं असू शकतं, मग उघडा. काढलेलं काडतूस परत भरून "बघू उडतंय का" करू नका. उडालेली दोनचार खोकी जपून ठेवा आणि जाणकाराला बंदुकीसोबत ती पण दाखवा, त्याचं निम्मं काम तिथंच होतं.

आणि साहेब, त्या जवानाच्या बातमीचा पुढचा भाग जमलं तर मिळवा. चौकशीत ब्लॉक उघडला असेलच. टोक भोकात सापडलं का, टोपीची चकती सापडली का, का पिनच्या नळीत तेलाचा गोळा होता, यातलं काय निघालं ते छापलं तर इकडच्या कोतांमधे उभ्या असलेल्या बाकीच्या रायफली तरी कोणी उघडून बघेल.

आपला वाचक,
एक निवृत्त आर्मरर, ता. वसमत, जि. हिंगोली
(नाव छापू नये ही विनंती, आधीच ओट्यावर गर्दी लई होते)